लक्ष्मीच्या मागे चांदबिबी

२ फेब्रु., सोम.
आज पुन्हा बापलेकाचं वाजलं. अप्पांचं एकच, "मला गावी नेऊन घाल." ह्यांचं एकच, "तिथं तुमचं करायला कोण आहे?" सासूबाई गेल्यापासून गावच्या घराला कुलूप. हे तणतणत शिफ्टला गेले, डबा ओट्यावरच.
दिवेलागणीला अप्पा पट्टी घेऊन भिंतीपुढे उभे. तीन फ्रेमा, नवे मास्तर होते तेव्हा शाळेने दिलेल्या. राजाच्या मुलासाठी स्वतःचं मूल पुढे करणारी पन्ना दाई. पेटाऱ्यातून निसटणारे महाराज. नगरच्या किल्ल्याला खिंडार पडलं तिथे तलवार घेऊन उभी चांदबिबी. रोज तेच शब्द, वर्गात द्यायचे तसा आवाज. "भिंत पडली, पोरांनो, बाई नाही पडली!" सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हे मात्र अक्षर न् अक्षर पाठ. पोथी वाचताना माझी ओळ चुकते.

५ फेब्रु., गुरु.
सत्संगात महाजन वहिनींना घरचं सांगितलं. म्हणाल्या, "अहो, भिंतीवर तलवारी आणि मरणं टांगलीत, मग घरात दुसरं काय होणार? आधी ती उतरवा." पटलं.

७ फेब्रु., शनि.
अप्पा दुपारी झोपले तेव्हा उतरवल्या. विचारलं नाही. चांगल्या सागवानी चौकटी, वाया कशाला घालवायच्या? दत्त, गणपती, लक्ष्मी अशी नवी चित्रं घेतली आणि त्याच चौकटींत बसवायला दिली: दाईच्या जागी दत्त, महाराजांच्या जागी गणपती, चांदबिबीच्या जागी लक्ष्मी. इथला गुजराती फ्रेमवाला म्हणाला, "बेन, जूना चित्र पाछळ राखी दऊं? पूंठानुं काम थई जशे." म्हटलं, ठेवा जुनी मागेच. तेवढाच पुठ्ठा वाचला.

१२ फेब्रु., गुरु.
देव भिंतीवर आले. हळदकुंकू वाहिलं, शिरा केला. हे म्हणाले, "घर कसं भरल्यासारखं वाटतंय!" अप्पा पट्टी घेऊन आले, उभे राहिले. मग पट्टी खिडकीत ठेवून खाटेवर जाऊन बसले. मला वाटलं, नमस्कार तरी करतील.

२३ फेब्रु., सोम.
अकरा दिवस झाले, घरात आवाज नाही. महाजन वहिनींना सांगितलं, गुण आला. त्या खूश.

१ मार्च, रवि.
हे जेवताना म्हणाले, "अप्पा हल्ली गावाचं नाव काढत नाहीत." मग थोड्या वेळाने, "कशाचंच काढत नाहीत." भात तसाच ठेवून उठले.
गुण आला म्हणून मी देवाला नारळ फोडला होता. भांडण नव्हतं थांबलं. अप्पाच थांबले होते. एका घरात राहून मला दिसू नये?

४ मार्च, बुध.
अप्पा लक्ष्मीपुढे बराच वेळ उभे. "सूनबाई, ह्या भिंतीवर कोणीतरी होतं."
"देव आहेत ना, अप्पा."
"त्यांच्या आधी."
मी कणीक मळत राहिले. देवापुढे खोटं नाही बोलले, पण खरंही नाही.

८ मार्च, रवि.
ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. म्हणाले, "लहानपणी त्या तलवारीला भिऊन मी तिच्याकडे पाठ करून जेवायचो. आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.
ठरलं, एक उघडून बघायची. चित्रं मागे सुखरूप असणार.

१० मार्च, मंगळ.
दत्ताची क्षमा मागून फ्रेम पालथी घातली. ह्यांनी खिळे काढले. फ्रेमवाल्याने दोन्ही चित्रं खळीने पाठीला पाठ लावून डकवलेली. आतल्या अंगाला दाई, तोंड मागच्या फळीकडे. पाणी लावलं, हळूहळू सोडवायला गेलो. दाईचा हात आणि पाळणा दत्ताच्या पाठीला राहिले. ओढल्यावर दत्ताचाही एक पाय फाटला. दोन्हीकडून गेलं.
हे म्हणाले, "बाकीच्या दोन राहू दे." मी रडले. कोणासाठी ते कळेना.

११ मार्च, बुध.
फाटलेला दत्त दमणगंगेत सोडून आले. दाईचे तुकडे पाण्यात सोडवेनात, पोथीखाली ठेवलेत.

१५ मार्च, रवि.
दिवा लावल्यावर अप्पांना हात धरून लक्ष्मीपुढे आणलं. म्हटलं, गोष्ट मी सांगते. लाज वाटत होती. कधी बसून ऐकली नव्हती, भाकरी थापता थापताच कानावर पडलेली. नगरचा किल्ला, बाहेर दिल्लीची फौज, सुरुंगाने भिंत उडाली, शिपाई पळायला लागले, तेवढ्यात राणी तलवार घेऊन... पुढे अडले.
अप्पा एकदम म्हणाले, "पडदा!"
"काय?"
"तोंडावरचा पडदा राहिला. मॅट्रिक ना तू? नीट सांग."
किती दिवसांनी रागावले! हे दारात उभे होते, चपलाही काढल्या नव्हत्या. मी पहिल्यापासून सुरू केलं, पडद्यासकट. पण "भिंत पडली"पर्यंत अप्पांचं लक्ष उडालेलं.

१८ मार्च, बुध.
तीन दिवस सांगतेय. काल ओठ हलले. आज नाही. मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या वर्गाला?"

१९ मार्च, गुरु. पाडवा.
गुढी उभारली, अप्पांना कडुनिंब दिला. तोंड वाकडं केलं, मग हसले. हे म्हणाले, "कडू तरी ओळखलं."
महाजन वहिनी आल्या होत्या. लक्ष्मी उघडू का, विचारलं. "पूजलेल्या देवीला सुरी लावणार? आणि कशासाठी, एका कागदासाठी?" चहा दिला.

२० मार्च, शुक्र.
सकाळी अप्पांनी आपणहून पट्टी उचलली. महिन्यावर दिवस झाले असतील. थेट लक्ष्मीपुढे. पट्टीचं टोक तिच्या कमळावर ठेवलं.
"हिच्या हातात तलवार होती. कोणी काढून घेतली?"
वर्गात विचारतात तसं विचारलं. उत्तर द्यावंच लागलं.
"मी, सर."
"परत दे तिची."
मग तिथेच खाली बसले, पट्टी मांडीवर आडवी घेऊन. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. ताट तिथेच दिलं.
उघडली तर चांदबिबीचंही दाईसारखं होईल. नाही उघडली तर उद्या अप्पांना प्रश्न तरी आठवेल का? शुक्रवारी लक्ष्मीला हात लावायचा नाही, म्हणून आज थांबले. पाण्याचं भांडं आणि मऊ फडकं काढून ठेवलंय. ह्यांना उद्या सुट्टी आहे.