कालाब्रेझे कालाब्रियात नसतात

फादर, तुम्हाला पाहिलेली माणसं आता मरोळच्या चर्चमध्ये थोडीच उरली आहेत. त्यांच्याशी तुमच्याबद्दल बोलताना प्रत्येक वेळी एक दुपार माझ्यापाशीच राहून जाते. ती तुम्हालाच सांगावी म्हणून हे लिहिते आहे. साल सत्तरच्या आसपासचं. मिशनच्या स्वयंपाकघरात आई तुमच्यासाठी रांधते आहे. शाळेत मला भूगोल शिकवणारे तुम्ही झगा गुडघ्याशी गोळा करून बाकावर बसला आहात, आणि मी ओट्याला टेकून उभी आहे. मराठी घेऊन एम.ए. झाले आहे. पुढच्या आठवड्यात एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज द्यायचा आहे. घरात मिळकत फक्त आईची.

मामा म्हणाला होता, "पोर्तुगीज आडनावाची बाई मराठी शिकवणार म्हटल्यावर अर्ज वाचतील तरी का? मरोळकर लाव ना. खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतंच. आमच्या घरात पोर्तुगीजचा एक शब्द कुणाला येत नव्हता. आम्ही प्रार्थना मराठीत करायचो आणि भांडायचोही मराठीत. आडनाव कधीकाळी पाद्र्यांनी बाप्तिस्मा देताना दिलेलं. बदलू का, एवढंच मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही सरळ उत्तर दिलं नाहीत. म्हणालात, "आमच्याकडे इटलीत लोम्बार्दी आडनावाचे असतात, तोस्कानो असतात, पुल्येझे असतात. म्हणजे लोम्बार्दियाचा, तोस्कानाचा, पुल्याचा. मी कालाब्रेझे. आता सांग, कालाब्रियात कालाब्रेझे किती?"

"सगळेच असतील."

"भूगोलात पास कुणी केलं गं हिला? अगं, तिथं सगळेच तिथले. त्या नावानं कुणाला हाक मारून काय उपयोग? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले शेजारी म्हणतात, तो बघ, कालाब्रियाचा. नाव गावाचं, पण देतात ते परके. माझ्या आजोबांचा आजा दक्षिणेतून उत्तरेत आला, म्हणून मी कालाब्रेझे. मी कुठं कालाब्रिया पाहिलाय?"

आईचा डाव हातातच राहिला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की कालाब्रियाची माणसं मिरचीवर जगतात. त्यामुळे तुम्ही आल्यापासून ती तुमच्या कालवणात आमच्याकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तो तिखट मसाला दुप्पट घालत आली होती.

"म्हंजे तुम्ही तिखट खानारे नाय?"

"आम्ही डोंगराखालची लोणी खाणारी माणसं."

"मंग इतकी वर्सं बोल्लात का नाय?"

"मला वाटलं, इथं सगळे असंच खातात."

आई हसत हसत खालीच बसली. तुम्हीही हसलात, आणि मग एकदम माझ्याकडे वळलात. "तू मरोळ सोडून चाललीस?" मी नाही म्हटलं. "मग मरोळकर कशाला? घरात बसून बाहेरून हाक मारण्यासारखं आहे ते." आवाज वर्गातल्यासारखा कडक होता. मला राग आला. नोकरी तुम्हाला नको होती, मला हवी होती.

तरी अर्जावर आडनाव तेच राहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं. तिथं मधे बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "मूळ गाव?"

"मरोळ."

"तसं नाही. त्याआधी?"

"त्याआधीही मरोळ."

ते शेजारच्यांकडे बघून हसले. ती नोकरी मिळाली नाही. वर्षभर आईच्या पगारात भागवलं, आणि त्या वर्षात मी तुमच्याशी नीट बोलले नाही. पुढे घाटकोपरच्या शाळेत लागले. ते सांगायला आले, तेव्हा तुम्ही फक्त "बेस" म्हणालात, आमच्या गावठाणातल्या म्हाताऱ्या म्हणतात तसं. निवृत्तीपर्यंत त्याच शाळेत त्याच आडनावानं मराठी शिकवलं. मुलांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

लग्नानंतर मी बोरीवलीला आले. आडनाव तेव्हाही ठेवलं. दारावर त्याचीच पाटी आहे. तरी सोसायटीतल्या बायका जिन्यात एकमेकींना विचारतात, "त्या मरोळच्या बाई घरात आहेत का गं?" सुरुवातीला मी त्यांना थांबवून आडनाव सांगायची. आता नाही सांगत. तुम्हाला म्हणून सांगते, कधी कधी बेल वाजल्यावरही मी दाराआड जरा उभी राहते. पुन्हा एकदा म्हणतात का, ते ऐकते, आणि मग कडी काढते.