पुलापलीकडं दिलेली मांजर

आण्णा, तुम्हाला हसू येईल नाहीतर राग येईल, पण गेल्या महिन्यात चार दिवस मी एका मांजरासाठी घर शोधत सांगलीभर फिरत होते. नोकरीतून सुटले तेव्हा वाटलं होतं, आता पाय पसरून बसायचं. कसलं काय! गावाबाहेर प्राण्यांचा एक निवारा आहे, तिथं मी आठवड्यातून दोनदा जाते. जखमा धुते, इंजेक्शनं देते. तीस वर्षं माणसांना टोचलं, आता कुत्र्यामांजरांना टोचते, आणि खरं सांगू, माणसांपेक्षा तीच कमी ओरडतात. तिथं एक पांढरी, पाठीवर करडे ठिपके असलेली मांजर होती, नऊ-दहा वर्षांची. कुणीतरी घर बदलताना तिला खोक्यात घालून फाटकापाशी ठेवून गेलं होतं. तिच्या किडन्या गेलेल्या. दिवसाआड कातडीखाली सलाईन दिलं की ती खाते, अंग चाटते, खिडकीत जाऊन बसते. नाही दिलं तर ओकते आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहते. त्यातच निवाऱ्यातल्या पिल्लांमध्ये साथ आली. दोन दिवसांत चार पिल्लं गेली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हिला रविवारच्या आत कुणाच्या तरी घरी हलवा. हिला लागण झाली तर ही एक दिवससुद्धा काढायची नाही." तो बुधवार होता.

मांजर म्हटलं की मला माधवनगरची गिरणीच आठवते. तुम्ही मिलिटरीतून आलात आणि तिथं गोदामावर पहारेकरी म्हणून लागलात. सुताला लावायच्या खळीवर उंदीर तुटून पडायचे म्हणून गिरणीनंच मांजरं पाळलेली, आणि त्यांना रोज गिरणीचं दूध. मी शाळेतून तुमचा डबा घेऊन यायचे. अजून दिसतंय मला. तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावून गोदामाच्या दारात उभे आहात, पातेल्यावर पळी वाजवताय, आणि कापसाच्या गाठींमागून एकेक मांजर अंग ताणत येतंय. तुम्ही बोटानं मोजताय. पलटणीत संध्याकाळी जवानांची गिनती व्हायची, तशी तुम्ही मांजरांची घ्यायचात. एक जरी कमी भरलं तरी दुसऱ्या पहारेकऱ्याच्या हाती चावी द्यायचा नाहीत. तो बिचारा वैतागून म्हणायचा, "आवं, मांजरांची कसली गिनती घेताय?" तुम्ही म्हणायचात, "ड्युटीवर हायत ती. तुज्यापरास बरी करत्यात." मला तेव्हा तुमची लाज वाटायची. मैत्रिणींच्या वडिलांना असली खुळं नव्हती.

तर ही मांजर. मी ओळखीच्या सगळ्यांना तिचा फोटो पाठवला. विश्रामबागेतल्या एका बाईनं विचारलं, पर्शियन आहे का. एकीनं नुसतीच रडकी तोंडं पाठवली, ती काय चाटायची आहेत? माझ्याबरोबर नोकरी केलेली एक सिस्टर म्हणाली, "अगं, घरात आजारी जनावर बरं नसतं." ही म्हणे नर्स! तासगावच्या एका बेदाणावाल्याचा फोन आला. "मॅडम, शेडात लय उंदरं हायत. द्या पाठवून, पडंल एका बाजूला." मी म्हटलं, तिला सलाईन लागतं. तो असा हसला की मी फोनच ठेवून दिला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली होती, आणि प्रत्येक ठिकाणी मी पहिल्याच वाक्यात आजाराचं सांगत होते. माणसांचे चेहरे कसे मिटतात ते मला वॉर्डात बघून ठाऊक आहे, पण इथं उंबऱ्याबाहेर उभं राहून ते बघायला लागत होतं, आणि मला त्याचा भयंकर संताप येत होता.

शनिवारी सकाळी एक बाई निवाऱ्यात आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, कृष्णेच्या पुलापलीकडं शेत, ऊस. नवरा मिलिटरीत, लांब कुठंतरी सरहद्दीवर. सासू गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून घरात एकटीच. तिनं मांजर बघितली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "उंदीर धरती का?" मी म्हटलं, "धरत होती की." "मग एवढी वाळलीया का?" आणि आण्णा, मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "इथलं खाणं मानवत नाही तिला. घरात गेली की भरेल." अगदी शांतपणे म्हणाले. सकाळीच मी सलाईन देऊन ठेवलं होतं, त्यामुळं ती त्या दिवशी टवटवीत दिसत होती. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, लळा लागू दे, मग सांगू. ती बाई म्हणाली, "टोपलीवर फडकं बांधा घट्ट. तोंड झाकून पानी वलांडलं की वाट इसरती, म्हागारी येत न्हाई." आपल्याकडची रीतच ती. मी माझा जुना टॉवेल बांधला, गाठ मारली, आणि तिची रिक्षा दिसेनाशी झाल्यावर मला वाईट नाही वाटलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

असंच फडकं तुम्हीही बांधलं होतं. मी दहा वर्षांची, आणि गिरणीतल्या मांजरीचं एक पिल्लू मी दप्तरातून घरी आणलेलं. त्याचा एक डोळा चिकटलेला, मागचा पाय ओढत चालायचं. आई भाकऱ्या थापतेय, मी चुलीशेजारी दुरडीत त्याला घेऊन बसलेय, कापसाच्या बोळ्यानं दूध पिळतेय, आणि ते पीत नाहीये. तीन दिवस मी शाळेत गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही बारदानाचा तुकडा घेऊन आलात. मी दुरडी सोडेना. तुम्ही माझी बोटं एकेक करून उचकटलीत. "रडून जगणार हाय व्हय ते? ऊठ, भाकरी खा आनि शाळंला जा!" एवढ्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. सायकलवर टांग टाकताना मात्र म्हणालात, "तासगावात एक बागवाले हायत, त्यांच्याकडं दूध लय हाय. तिथं देतो." माझ्या मैत्रिणीच्या भावानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की तुमची सायकल त्यानं कृष्णेच्या पुलावर बघितली. तासगावची वाट पुलावरनं नाही जात, तुम्ही त्याला पाण्यापलीकडं टाकून आलात, हे मलाही कळत होतं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी सरळ बोलले नाही. जेवायला वाढलं, औषधं आणली, सणावाराला पाया पडले, पण बोलले नाही. ते तुम्हाला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कळत असणारच.

सोमवारी सकाळी फोन आला. "सिस्टर, ही खाईना. वकून वकून पार आडवी झालीया." मी सलाईनच्या बाटल्या डिकीत टाकल्या आणि स्कूटी हाणत गेले. मांजर त्या बाईच्या स्वयंपाकघरात, बाईच्याच जुन्या लुगड्यावर पडली होती. मी सुई लावली. बाई भिंतीला टेकून माझे हात बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "तुमाला ठावं हुतं."

"होतं."

"मग सांगायचं न्हाई व्हय? मी काय दगड हाय? दोन दिस झालं, मला वाटतंय माज्याच हातचं काय बाधलं. घरात एवढं वंगाळ वाटत हुतं की नवऱ्याला फोन लावून रडले मी. त्यो तिकडं बर्फात आनि मी त्याला मांजराचं सांगतीया!"

मी माफी मागितली आणि टोपली पुढं ओढली. साथ अजून संपली नव्हती, तिला परत निवाऱ्यात नेणं म्हणजे मारायलाच नेणं होतं. तरी मी नेणारच होते, कारण दुसरं काय करायचं? बाईनं टोपलीवर पाय ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. दावा कसं टोचायचं ते. किती दिस जगंल?"

"महिने. वर्ष नाही." या वेळी मी खरं सांगितलं.

"सांगितलं असतं तर मी आले असते का म्हनून इचारू नका. नसतेच आले. पर आता माज्या पायापाशी निजती ही."

मग मी तिला शिकवलं. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी, आणि सुई आडवी घालायची. उसाची मोळी उचलणारे तिचे हात, पण सुईला घाबरत होते. पहिले पंधरा दिवस मी दिवसाआड जात राहिले, बोलता बोलता त्या अकरा घरांचंही तिला सांगून झालं. आठव्या खेपेला तिनं माझ्याकडं न बघता सुई लावली, मांजर हललीसुद्धा नाही, आणि मला वॉर्डात नवी पोरगी पहिल्यांदा नस बरोबर पकडते तेव्हा व्हायचा तसा आनंद झाला. चहा टाकता टाकता तिनं सहज विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन असतं?"

"हे गेल्यापासून मी एकटीच. मुलगा पुण्याला."

"म्हंजी घर मोकळं, टोचायचं बी येतंय, औषिधं बी दारात. मग अकरा घरं कशाला हिंडला, आवं?"

तिनं टोमणा मारला नव्हता, नुसतं विचारलं होतं. मी म्हटलं, चहा छान झालाय.

खरं काय ते तिला सांगता आलं नाही, म्हणून तुमच्यापाशी बसलेय. तुमच्या वर्षश्राद्धाची भांडी घासताना आई एकदम म्हणाली होती, "त्या पिल्लाचं अजून मनात धरलंयस व्हय गं? सोडून आले न्हाईत ते. पुलापतोर गेले, आनि ते बारदानात घरघर कराय लागलं. मग घाटावर मांडीवर घिऊन बसले त्याला. जीव जाईस्तवर सांज झाली. सबंध नोकरीत गिरनीला त्येंचा तेवढा एकच खाडा." मी नळ जोरात सोडला आणि भांडी विसळत राहिले. तुम्ही मला का सांगितलं नाहीत, याचा मी तेव्हाही रागच धरला. आता वाटतं, दहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार होता? आणि मोठेपणी मी तुम्हाला सांगायला जागा कुठं ठेवली होती?

मांजर काल चांगलं जेवली, असा त्या बाईचा निरोप आहे. पुढचे महिने ती तिच्या पायापाशी काढेल आणि शेवटच्या दिवशीही ती बाई तिथंच बसलेली असेल, याबद्दल मला शंका नाही. मी असेन की नाही, ते सांगता येत नाही. कागद इथवर भरला, तो आता घडी करून मी कपाटात टाकेन. तुम्ही असतात तरी हा तुमच्या हातात दिला नसता, कारण एकच गोष्ट लिहायला मी बसले होते आणि तीच सारखी मागं टाकतेय.

तुम्ही गेलात तेव्हा मी ड्युटीवर होते, असं सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. नर्सचं जिणंच असलं, बापाच्या तोंडात पाणी घालायलाही सवड नाही, असं म्हणून आत्यानं मला पोटाशी धरलं होतं आणि मी तिला तसं म्हणू दिलं. तुमच्या डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्याचा दिवस निघणार नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी माझी सुट्टी होती, आण्णा. ड्युटी मी मागून घेतली होती.