चौथं शील आणि चौदा किलोमीटरचा चढ

स्पेन,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

मी सुखरूप पोहोचलो. ई-मेल असला तरी मायन्याशिवाय तू पुढचं वाचत नाहीस, म्हणून आधी रीतसर जयभीम घातला. सायकलवाल्यांच्या गटात सोबत आलेल्या माझ्या मित्राच्या, चंद्रशेखरच्या टॅबवरून लिहितोय. माझा फोन पिशवीच्या तळाशी बंद आहे. आमच्या हर्षाच्या समजुतीप्रमाणे तो मलेशियातल्या विपश्यना शिबिरात जमा झालाय आणि मी दहा दिवस मांडी घालून, डोळे मिटून, आर्य मौन पाळत बसलो आहे.

निघताना तू विचारलंस की सहासष्टाव्या वर्षी पोटच्या पोरीशी खोटं बोलायची वेळ का आली. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. गेल्या वर्षी सिंगापुरात, तुझ्या ईस्ट कोस्टला एका लहानग्याच्या स्कूटरला चुकवताना मी पडलो, कॉलरबोन मोडली आणि हर्षाने माझी सायकल बंद केली. हाड मोडलं माझं, शिक्षा झाली सायकलला. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात डोंगर पाहिले ते जीपमधून. एकदा तरी खरा घाट स्वतःच्या पायांनी चढायचा, एवढंच माझं मागणं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि नाही म्हटल्यावर निघालो असतो तर ते जास्त वाईट दिसलं असतं. म्हणून विचारलंच नाही. सरकारी नोकरीत माणूस एवढं तर शिकतोच.

हा सगळा मुलूख चुनखडीचा. सरकारने राखलेलं डोंगरी उद्यान आहे. वर पांढरे, भेगाळलेले कडे आणि खाली नजर पोहोचेल तिथवर ऑलिव्हचे मळे. पाऊस पडला की पाणी थेट दगडाच्या पोटात जातं. इथे धरण बांधायला मला कुणी पाठवलं नाही हे बरं झालं. काल बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून तीस किलोमीटर सायकल चालवली. चंद्रशेखरच्या वसाहतीतल्या सात मजली कार पार्कचा चढ आठ महिने रोज दहा वेळा चढलो, त्याचा उपयोग होतोय. फरक एवढाच, की इथे सातव्या मजल्यानंतरही चढ संपत नाही.

हर्षाने काही विचारलं तर सांभाळून घे. माझी लाज तुझ्या हाती.

तुझा,
शिवदास

---

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोहोचलं. सांभाळून घे म्हणणं फार सोपं. तू तिकडे हवा खातोस आणि इथे माझी रोज परीक्षा. काल रविवारी हर्षा तुझ्या नातीला, राणीला घेऊन पुंगोलच्या घरून आली. आत्या, बाबा कसे असतील गं, म्हणाली. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आजवर मुलांनाही कधी बागुलबुवा दाखवला नाही. तेव्हा एकही शब्द खोटा न बोलता मी सांगितलं की पहाटे उठत असेल, कंबर दुखत असेल, संध्याकाळी आडवं पडल्याबरोबर झोप लागत असेल. तिला इतकं समाधान वाटलं की तिने ताटात आणखी भात वाढून घेतला.

पण संध्याकाळच्या वंदनेत मात्र फजिती झाली. पंचशील म्हणताना तिसऱ्यापर्यंत माझा आवाज खणखणीत होता. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मला नेमका खोकला आला. तो पाचव्याला थांबला. हर्षाने लगेच गरम पाणी आणून दिलं. ते पाणी पिताना तुझी आठवण मी कशी काढली असेल ते लिहीत नाही.

येताना थोडी ऑलिव्ह आण, लोणचं घालून बघते. आणि उतारावर ब्रेक दाबून धर. लहानपणी तू नेहमी उतारावरच आपटायचास.

तब्येतीला जप आणि या म्हातारीला अजून खोटं बोलायला लावू नकोस.

तुझी,
ताई

---

स्पेन,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

ऑलिव्हचा विषय तू काढायला नको होतास. आज एका मळ्यापाशी पाणी प्यायला थांबलो, तर झाडावर टपोरी, जांभळी फळं. जांभळासारखी दिसली म्हणून मी आपलं सवयीने एक तोडून तोंडात टाकलं. ताई, कडुनिंब त्यापुढे पेढा वाटावा. चार बाटल्या पाणी संपलं, तोंडाची चव काही परत येईना. मळ्याचा म्हातारा मालक हसून हसून झाडाला टेकला. मग त्याने खुणांनी समजावलं की ही फळं महिनोन्‌महिने मिठाच्या पाण्यात मुरवावी लागतात, तेव्हा कुठे माणसाच्या लायकीची होतात. लोणच्याचा बेत तू सोडून दे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. चढावर माणसाला श्वासाशिवाय दुसरं काहीच सुचत नाही. आत आला, बाहेर गेला. रिटायरमेंट नाही, गुडघा नाही, मागचं नाही, पुढचं नाही. शिबिरात आनापान शिकवतात ते याहून वेगळं काय असणार? म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नाही, असं आता वाटायला लागलंय.

शुक्रवारी मोठी खिंड आहे, सलग चौदा किलोमीटर चढ. त्यासाठीच सगळा खटाटोप केला. तुझे आशीर्वाद पाठीशी राहू देत.

तुझा,
शिवदास

---

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. शिवदास यास आशीर्वाद.

तुझं आनापान तुझ्यापाशी ठेव आणि नीट वाच. आत्ताच हर्षाचा फोन येऊन गेला. राणीला शाळेची सुट्टी लागली म्हणून ती, जावईबापू आणि राणी शनिवारी गाडीने मलेशियाला निघणार आहेत. रात्री जवळच्या गावात मुक्काम, रविवारी सकाळी शिबिराच्या दारात उभे राहून तुला चकित करणार. राणीने पुठ्ठ्यावर रंगीत पाटी केली आहे. तिच्यावर आजोबा डोळे मिटून बसलेले, आणि डोक्याभोवती तेजोवलयसुद्धा आहे.

मी दरवाजाशी कोण आलंय बघते म्हणून फोन ठेवला. दरवाजाशी कुणीही नव्हतं, शिवा. दिवसाढवळ्या, धडधडीत खोटं बोलले. आता माझ्याच्याने होणार नाही. त्या पोरीला परक्या देशातल्या बंद दारापुढे उभं करायचं नाही. तू कळव, नाहीतर उद्या मी कळवते. लबाडी करणाऱ्याच्या तोंडात शेवटी कडूच पडायचं, ते फळ तरी काय करणार?

तरीही तुझीच,
ताई

---

स्पेन,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हर्षा हिस सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. मी मलेशियात नाही, स्पेनमध्ये आहे. मौनात नाही, सायकलवर आहे. चंद्रशेखरकाकांना दिलेली सायकल मी त्यांच्याकडेच चालवत होतो आणि सकाळच्या ध्यानाला जातो म्हणून निघत होतो ते त्यांच्या कार पार्कमध्ये चढ चढायला. आत्याला हे माहीत होतं, पण तिला मी भरीस घातलं. तिला काही बोलू नकोस.

कारणं खूप जमवली होती. लिहायला बसलो आणि एकही टिकेना. तू नाही म्हणशील या भीतीने मी खोटं बोललो आणि तेही धम्माच्या नावाने. याची मला फार लाज वाटते. तुझ्या आईने मला एका आठवड्यात पकडलं असतं. तुझा माझ्यावर विश्वास, म्हणून माझं साधलं.

उद्या आमच्या गटातले सगळे मोठ्या खिंडीवर जाणार आहेत. मी जाणार नाही. तुझं उत्तर येईपर्यंत पायथ्याच्या गावात बसून राहीन. परत या म्हणालीस तर इथून बस मिळते.

राणीला पाटी फाडू नको म्हणून सांग. फक्त तेजोवलय खोडायला सांग.

तुझा अपराधी,
बाबा

---

पुंगोल, सिंगापूर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस सविनय जयभीम.

काल तुमचं पत्र वाचून मी एवढी चिडले की पहिली तीन उत्तरं खोडली. चौथं पाठवते आहे.

तुम्हाला वाटतं मला सायकलचा राग आहे. बाबा, आई गेली तेव्हा मला लॅबमध्ये फोन आला होता. तुम्ही पडलात तेव्हाही त्याच लॅबमध्ये, त्याच टेबलापाशी फोन आला. हॉस्पिटलपर्यंत मी कशी आले ते मला आठवत नाही. तेव्हापासून तुम्ही खाली भाजी आणायला गेलात तरी माझे कान लिफ्टकडे असतात. गेला आठवडाभर मी वर्षात पहिल्यांदा गाढ झोपले. का, तर माझे बाबा दहा दिवस एका जागी बसलेले आहेत. आणि तुम्ही कड्यांवरून सायकली हाकत होतात.

मी माफ केलेलं नाही. हळूहळू करीन. फेब्रुवारीतल्या खऱ्याखुऱ्या शिबिरासाठी तुमचा अर्ज आजच भरला आहे. दारापर्यंत मी सोडणार आणि फोन जमा होताना डोळ्यांनी बघणार. आत्याचंही नाव घातलं आहे. दहा दिवस बोलायचं नाही हे ऐकल्यावर ती पंधरा मिनिटं माझ्याशी भांडली. राणीचं म्हणणं आहे की ती खोटं बोलली तर तिचा आयपॅड काढून घेतात, मग आजोबांचं काय काढून घ्यायचं. सायकल, असं मी म्हणणार होते. पण लगेच म्हणाली, मग मला चालवायला कोण शिकवणार. तेव्हा ते तुम्हीच शिकवायचं, इथे वॉटरवे कालव्याच्या कडेला, सपाटीवर आणि माझ्या डोळ्यांसमोर.

पायथ्याशी बसून राहू नका. तुम्ही असे वाट बघत बसलात तर मला तेही बघवत नाही. चढा. हेल्मेट घाला, सावकाश चढा, उतरताना सायकल हातात धरून उतरा.

उद्या शिबिराचा दहावा दिवस. मौन सुटतं. वर पोहोचलात की फोन करा. नाही पोहोचलात तरी करा.

तुमची,
हर्षा

---

स्पेन,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

काल चढलो. चंद्रशेखर माझ्यासाठी मागे थांबला होता, आम्ही दोघेच गेलो. चौदातले अकरा किलोमीटर चालवली आणि तीन ढकलली. हे तीन मी इतर कुणालाही सांगणार नव्हतो, पण आता सवय मोडायची आहे. खिंडीत दगड, वारा आणि चार शेळ्या. खाली ऑलिव्हची झाडं राणीने पेन्सिलीने टिंबं काढावीत तशी. तुझी भावजय असती तर म्हणाली असती, एवढ्यासाठी का एवढं? आणि मग खाली उतरायला नाही म्हणाली असती.

मग फोन चालू केला आणि हर्षाला लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. ताई, इतकं बोलायचं ठरवलं होतं, पण मला दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. तिलाही रडू फुटलेलं, तीही काही बोलेना. किती तरी वेळ मी तिचा श्वास ऐकत होतो आणि ती माझा. दहा दिवसांत पाळलं नाही ते मौन आम्ही दहाव्या दिवशी पाळलं.

शेवटी राणीने आईच्या हातातून फोन घेतला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, आजोबा, यू देअर ऑर नॉट, ला?

मी म्हणालो, आहे गं बाळा. आहे.

तुझा,
शिवदास