कप्तानाने पेटी सोडली तेव्हा

अहो,

काल तुमची कादंबरी संपवली. लावलेली पोथी अर्धवट ठेवू नये, एवढ्यासाठीच. संपल्यावर सांगू कोणाला? म्हणून हे पत्र.

लोक श्रावणात पोथी लावतात. तुम्ही या वर्षी लावलीत इंग्रजीवरून आणलेली जुनी समुद्रकादंबरी! दिवा लागला की एक अध्याय, मोठ्याने. तळेगावच्या फ्लॅटमध्ये तुमचं ते धुकं, शिडं आणि भुतं! मी शेंगा निवडत, डुलक्या घेत 'हूं' म्हणायचे.

"आणि कप्तानाने मिसळ मागवली, जादा तर्री," एकदा मध्येच घुसडलंत. मी म्हटलं, "हूं." केवढे हसलात! "मालती, अगं भूतसुद्धा तुझ्यापेक्षा जागं असतं!"

दमलेली असायचे हो. तुमचं पथ्य, औषधं, सारखी उठबस. आता काही करायचं उरलं नाही तरी जास्तच दमते, हे कसं?

मग एकच अध्याय राहिला आणि तुम्ही गेलात. असं करतात का?

तो कप्तान मेलेल्या भावाची शवपेटी खोलीत कोंडून बसलेला. जहाज धुक्यात अडकलेलं, पेटीतून ठकठक, खलाशी उपाशी. तुम्ही पुस्तकावरच ओरडलात, "अरे, सोड की त्याला पाण्यात! बाकीचे जिवंत आहेत ना?" बोलायला काय जातं तुमचं!

दहाव्याला सगळं झालं, पण थोड्या अस्थी मी मागे ठेवल्या. काशीला नेईन म्हटलं. मडकं गॅलरीत टांगलंय. आपला संदीप हल्ली गॅलरीत पाऊलच टाकत नाही. परवा हळूच म्हणाला, "आई, तुला काशीला जायचंच नाहीये ना?" मी तुमचं पुस्तक काढून बसले.

शेवटी कप्तानाने पेटी सोडली आणि वारा सुटला. बस्स! त्याला काय वाटलं, यावर एक ओळ नाही. तुम्ही असतात तर दोन ओळी पदरच्या घातल्या असत्या. मला त्याच हव्या होत्या.

रविवारी संदीपबरोबर इंद्रायणीवर जाते. मडकं मीच सोडणार, दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. रडले तर रडले. घरी येऊन दोघांपुरता भात टाकेन, त्याला वाढेन, मीही जेवेन. मग झोपेन. शब्द देते.

तुमच्यावर अजून चिडलेली,
मालती