काकीच्या अंगठ्याचं नख

रविवार, मार्गशीर्ष. ब्राह्मणपुरी.

संध्याकाळी काकी गोठ्यात म्हशीच्या कानातले गोचीड काढून अंगठ्याच्या नखावर चिरडत होती. रक्त उडालं, ते तिने पदराला पुसलं. मी ओरडलेच. काँगो ताप असाच अंगात शिरतो. ती म्हणाली, "पोरी, लगीन व्हयनं तैपासून हाईच करी ऱ्हायनू. काय व्हयनं मले?"

तेव्हापासून काँगो तापाने दगावलेला तो गुराखी डोक्यातून जात नाहीये. आमच्या दवाखान्यात आला त्या दिवशी हसत चहा मागत होता. त्याच दिवशी घेतलेलं त्याचं रक्त आम्ही तो वारल्यावर प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं. पेशीतले काही आरएनए रेणू प्रथिनं बनवत नाहीत, फक्त इतर जनुकांना गप्प करतात. एके काळी त्यांना कचरा म्हणायचे. त्याच्या रक्तात त्यांचा तोल तेव्हाच गेलेला होता. म्हणजे पुढचं सगळं रक्ताला ठाऊक होतं? की मीच मागाहून अर्थ लावतेय? एका माणसावरून काय कळणार.

लहानपणी काकीने माझ्या डोक्यातल्या उवा याच नखावर मारल्या.

जेवताना तिने हात धुवून भाकरी वाढली. मी नखाकडेच बघतेय हे तिला कळलं, आणि ती हसली.

तोही हसतच होता.