रणगाड्यापुढचा नारळ

हर्सूल, खंडेनवमी

राजेंद्रराव मेव्हणे यांस काकासाहेबाचा रामराम. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असंल. आमची खुशाली विचाराल तर आधी खुर्चीत नीट बसून घ्या.

तुम्हाला इथलं लष्करी संग्रहालय बघायचंय ना, मग ऐका. रांगेतनं जावं, पाट्या वाचाव्या अन् कशालाबी हात लावू नये. (हे शहाणपण मला आज दुपारी आलं.) आमच्या सायलीला सांगून आलेल्या स्थळाचे वडील, सुभेदार बद्रीनाथराव, रिटायर झाल्यापासून तिथंच लोकांना तोफा-बंदुका समजावून सांगत्यात. ते म्हणाले, इकडंच या, निवांत बोलू. पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत. राहिला होता फक्त सुभेदारांच्या मिशांचा होकार. त्यात आज खंडेनवमी. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मी या दिवशी मशीनपुढं नारळ फोडल्याबिगर कामाला हात लावला नाय, अन् तुमच्या भगिनीच्या, साळूबाईच्या, पिशवीत नारळ अन् हळद-कुंकू होतंच. एवढा थोरला रणगाडा, अन् सणाच्या दिवशी कोरडा उभा! सुभेदार दुसऱ्या मंडळींना माहिती देत होते तेवढ्यात साळूबाईनं दोरी ओलांडून कुंकवाची पाच बोटं ओढली, अन् मी नारळ हाणला. तोबी खाली फरशीवर नाय, थेट रणगाड्याच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर.

शिट्टी वाजली. दोन गार्ड धावले. सुभेदार आले, कुंकू बघितलं, गळणारं पाणी बघितलं, अन् नारळाची भकलं एकेक करून उचलाया लागले. मेव्हणे, माणूस शिव्या देतो ते परवडतं. सायलीचे डोळे भरले. लई भ्यालो. अशा वेळी नेमकं नको ते तोंडातनं निघतं. म्हणालो, "आमचे मेव्हणे फौजेत रणगाडा चालवायचे. तिथं असंच करत्यात म्हणून त्यांनीच सांगितलं."

"व्हय?" सुभेदार म्हणाले. "मग त्यांना भेटल्याबिगर पुढचं बोलणं नाय." अन् फडकं घेऊन स्वतःच पट्टा पुसाया बसले.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. रविवारी या. मेडल लावून या. सतरा वर्षं फौजेच्या लंगरात चपात्या लाटल्या, हे मेहेरबानी करून बोलू नका. पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

ता. क. (दुसरा) सायलीनं पत्र वाचून कपाळावर हात मारला. मामा फौजेत आचारी होता, हे तिनं त्यांच्या घरी कवाच सांगितलंय. आत्ता सुभेदारांचा फोन आला : रणगाडावाल्या मेव्हण्यांना म्हणावं, साखरपुड्याला दोनशे पान आहे, बुंदी त्यांनीच पाडायची. मेडल राहू द्या. झारा आणा.