उत्तरेचं फाटक

९ ऑक्टोबर, गुरुवार. वीज गेल्याचं आठवं वर्ष

अकराच्या अकरा गाई गायब! उत्तरेचं फाटक सताड उघडं.

मामंजींनी चौकशी लावली. पहिले आरोपी तेच निघाले. "सोमवारी पाहिलं मी. उघडं होतं, उघडंच ठेवलं."

माझी ज्यूनी म्हणाली, "मंगळवारीही उघडंच होतं, आजोबा. तुम्हीच शिकवलंत ना, फाटक जसं सापडेल तसं सोडायचं, मालकाचं मालकाला ठाऊक!"

"अगं, पण मालक आपणच ना!"

"मग तुम्ही का नाही लावलंत?"

मामंजी हॅट काढून आतून न्याहाळत बसले. बुधवारी बादल्या घेऊन मीही तिथूनच गेले. मीही नाही लावलं. सभ्यपणानं बुडालेलं मोंटानातलं पहिलं घर आमचंच असणार.

१० ऑक्टोबर

खुरांचे माग थेट शेजारच्या थोरवाल्ड बाक्केच्या कोठारापर्यंत. झालं! पाटाच्या पाण्यावरून मामंजी आणि तो सहा वर्षं बोलत नाहीत. त्याचं कोठार चाऱ्यानं ठासून भरलेलं, पण गुरं रोगानं मेली. आमच्याकडे अकरा गाई आणि चारा जेमतेम नाताळपर्यंत. ऑगस्टपासून घसा कोरडा केला — बोला त्याच्याशी. "मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही!"

मग पुढच्या महिन्यात नऊ कापायच्या, दोन ठेवायच्या. ज्यूनीनं प्रत्येकीला नाव दिलंय. हे गेल्यापासून मी इतकी कशालाच घाबरले नव्हते.

मामंजी बंदूक पुसताहेत. काडतुसं तीन. त्यातलं एक ओलं.

११ ऑक्टोबर

मामंजी गेले त्याच्या दारात. जिवंतपणी!

आमचा घोडा उजव्या डोळ्यानं आंधळा, सारखा डावीकडे वळतो. त्यामुळे चाल करून जाताना बाक्केच्या घराला दोन प्रदक्षिणा झाल्या. मी आणि ज्यूनी मागून धावतोय. बाक्के ओसरीवर, मांडीवर बंदूक.

"एमेट, तिसरी फेरी मारणार असशील तर कॉफी टाकतो. सातूची आहे."

"माझ्या गाई चोरल्यास!"

"चालत आल्या. तुझं फाटक तीन दिवस उघडं दिसत होतं मला."

"मग लावलं का नाहीस, गाढवा?"

"दुसऱ्याच्या फाटकाला हात लावू? आई मारेल मला!"

"तुझी आई जाऊन वीस वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं?"

मामंजी घोड्यावरून उतरले. म्हणाले, "बरोबर केलंस."

कॉफी झाली. मग पाटाच्या पाण्यावरून सूर्य मावळेपर्यंत भांडले, अगदी पोटभर! ठरलं ते असं — हिवाळाभर गाई त्याच्या कोठारात, दूध-लोणी दोन्ही घरांत. कापायची एकही नाही. ज्यूनीनं बाक्केला मिठी मारली. तो पार गोंधळला, तिला "थँक यू, मॅडम" म्हणाला.

१९ ऑक्टोबर

मामंजी रोज बाक्केकडे भांडायला जातात. जाताना लोणी नेतात.

२ नोव्हेंबर

गुडघाभर बर्फ. अकराही गाई ठणठणीत.

वहीबाई, मामंजी तुला चोरून वाचतात, म्हणून तुलाही अर्धंच सांगितलं होतं. आजपासून तुझा मुक्काम माझ्या उशीच्या अभ्र्यात. त्या सोमवारी पहाटे फाटक मी उघडलं. आमच्या घरात ते कुणी लावणार नाही, याची मला पक्की खात्री होती.